मागच्या डाव्या चाकात काहीतरी वाजायलंय

"बेअरिंग गेलंय."

चाकातून आवाज येतोय असं म्हणायचा अवकाश, सोलापुरात पहिला निकाल हाच लागतो. तो देणारा मेव्हणा असेल, अपार्टमेंटचा वॉचमन असेल, नाहीतर टपरीवर शेजारी उभा राहून बशीत चहा ओतणारा अनोळखी माणूस असेल. त्यानं आयुष्यात बेअरिंग पाहिलेलं असावं अशी अट नाही. घरात कुणाचं काही दुखलं की 'पित्त झालं असेल' म्हणतात, तसं गाडीचं बेअरिंग. बेअरिंग म्हणजे चाक सहज फिरावं म्हणून त्याच्या मधोमध बसवलेली गोळ्यांची कडी. मला तिची, म्हणजे त्या बेअरिंगची, दया येते. बिचारं ग्रीसमध्ये बुडून, दोन्ही बाजूंनी सील लावून घेऊन, लाखभर किलोमीटर निमूट फिरत असतं आणि डिकीतला जॅक खडखडला तरी नाव त्याचंच.

निदानाची अर्धी सामग्री खरं तर आपल्या भाषेतच पडून आहे. खडखड, खुळखुळ, किणकिण, करकर, कुरकुर, घरघर, खरखर, कटकट, टिकटिक. गॅरेजच्या दारात उभं राहिलं की मात्र ही सगळी श्रीमंती आटते आणि तोंडातून एकच वाक्य निघतं, "मिस्त्री, कसला तरी आवाज यायलाय." डॉक्टरांपुढे बसून 'अंगात कुठंतरी काहीतरी होतंय' म्हणण्यातला हा प्रकार. वास्तविक कटकट आणि घरघर यांत दुरुस्तीच्या हिशेबानं जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोन वेगळे पार्ट, दोन वेगळी बिलं.

त्यावर मिस्त्रींचा प्रश्न ठरलेला, "कुठनं यायलाय?" आणि इथंच सगळं फसतं. बंद गाडीत बसलेल्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही. कळतंय असं फक्त वाटतं. गाडीचं अंग म्हणजे पत्र्याची एक पेटी. पुढच्या उजव्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर नटांनी बसतं त्या भागावर, सुरू झालेला आवाज सस्पेन्शनमधून, सबफ्रेममधून, फ्लोअरच्या पत्र्यातून फिरून मागच्या डाव्या सीटखाली निघतो. मागं बसलेल्या आत्या शपथेवर सांगतात की आवाज त्यांच्या पायाखालीच आहे. आत्या खोटं बोलत नसतात, पत्रा बोलत असतो. म्हणून 'कुठून'चा नाद सोडून आधी 'कधी' विचारावं. वेगाबरोबर वाढतो का? वळताना? ब्रेक दाबल्यावर येतो की जातो? गाडी थंड असताना की तासभर पळाल्यावर? ही उत्तरं चिठ्ठीवर लिहून नेली तर मिस्त्रींचे दोन तास वाचतात. मोबाईलवर स्पीडोमीटर दिसेल असा व्हिडिओ शेजारच्या सीटवरच्या माणसाकडून काढून घेतला तर त्याहून बरं, कारण पुढचा प्रसंग टळत नाही. मिस्त्रींना शेजारी बसवून गाडी सैफुलपर्यंत नेली की आवाज बंद. घरी धिंगाणा घालणारं पोर पाहुण्यांसमोर हात जोडून 'शुभं करोति' म्हणायला लागावं तशी गाडी शहाण्यासारखी चालते. "गाडी मक्खन हाय की सर," मिस्त्री म्हणतात. त्यांना गेटवर सोडून पहिला गिअर टाकला की, खर्र.

पण गॅरेजच्या आधी डिकी. हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण मागच्या 'अ‍ॅक्सल'ची निम्मी दुखणी डिकीत निघतात. जॅक त्याच्या खाचेत आवळून बसलेला नसतो, टॉमी मोकळी असते, स्टेपनीचा मधला बोल्ट अर्धाच फिरवलेला असतो. शिवाय तुळजापूरहून आणलेले नारळ, अक्कलकोटच्या प्रसादाचा स्टीलचा डबा, लग्नात मिळालेली आणि अजून घरात न गेलेली भेटवस्तू. सगळं बाहेर काढायचं. सीटखाली हात घालून पाण्याच्या रिकाम्या बाटल्या शोधायच्या. मागच्या सीटबेल्टचं बक्कल प्लास्टिकच्या खांबावर आपटत असतं, ते खोचून टाकायचं. मग त्याच स्पीडब्रेकरवरून पुन्हा एकदा. आवाज गेला तर खर्च शून्य, आणि बायकोसमोर मान खाली, एवढ्यावर भागतं.

नाही गेला तर रस्ता. सकाळी सहाच्या आत निघावं, कारण नंतर शहरात ऐकायला जागाच उरत नाही. पूर्व भागात यंत्रमागांची खटखट चालू असेल तिथं तर गाडीचा आवाज शोधू नयेच. माग चालवणाऱ्या माणसाला त्या गदारोळातही आपल्या मागाचा ठेका बदललेला कळतो, पण तो त्याचा कान आहे, आपला नव्हे. विजापूर रोडला शहर मागं टाकल्यावर मोकळा, सरळ पट्टा गाठावा. रेडिओ, एसी, ब्लोअर बंद. काचा खाली. एखादी लांब कंपाउंडची भिंत किंवा पुलाचा कठडा मिळाला तर त्याच्या कडेनं हळू जावं. भिंत आवाज परत फेकते आणि डाव्या बाजूच्या चाकांचं सगळं बोलणं खिडकीतून आत येतं. येताना कठडा उजवीकडे येईल असं बघायचं.

पहिली कसोटी न्यूट्रलची. ज्या वेगाला आवाज स्पष्ट येतो, समजा ६०, तिथं पोचून, मागंपुढं कुणी नाही हे बघून गाडी न्यूट्रल करायची. इंजिन बंद करायचं नाही. चावी फिरवली तर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकचा बूस्टर जाईल आणि निदान हॉस्पिटलात होईल. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आवाज खाली येतो. खडखड त्याच्याबरोबर खाली आली तर चाकांना दोष देऊ नये. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा, इंजिनचं माउंटिंग, असं काहीतरी. इंजिन शांत झालं तरी आवाज तसाच, आणि गाडीचा वेग उतरेल तसा तोही उतरत गेला, तर मग चाक, टायर, हब, ब्रेक.

आता थोडं गणित. छोट्या गाडीचा १६५/८० आर १४ टायर एका फेरीत जेमतेम दोन मीटर जातो. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण तीन वेळा फिरतं. त्या वेगाला सेकंदाला तीन टिकटिक ऐकू येत असतील तर चाकाच्या एकाच जागी काहीतरी अडकलेलं आहे. बहुतेक वेळा टायरच्या नक्षीतली खडी. नव्यानं डांबर टाकलेल्या रस्त्यावरून आलं की हमखास. कधी खिळा, कधी स्क्रू. खडी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून काढावी. खिळा मात्र जागेवर उपटू नये, पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत त्यालाच बूच म्हणून राहू द्यावं. सोलापूर-तुळजापूर ४५ किलोमीटर धरलं तर तो खिळा वाटेत तेवीसएक हजार वेळा टिक करतो. देवीला जाताना एवढा जप पुरे.

चीं आवाजाबद्दल फार लिहायला नको. ब्रेक पॅडवर एक पोलादी पत्ती असते. लायनिंग घासून संपत आलं की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. ती किंचाळण्यासाठीच बसवलेली असते. लायनिंग ३ मिलिमीटरपर्यंत आलं की पॅड बदलावेत. फक्त एक मेख आहे. व्हीलच्या आऱ्यांतून टॉर्च मारून दिसतो तो बाहेरचा पॅड. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरची सरकणारी पिन सुकून अडकली असेल तर आतला पॅड पार लोखंडाला लागलेला असतो आणि बाहेरचा मस्त जाड दिसत असतो. "पॅड बघितले, चांगले हायत" असं कुणी चाक न काढता सांगितलं तर विश्वास ठेवू नये. चीं जाऊन खर्र सुरू झालं, ब्रेक दाबला की पायाला दळल्यासारखं जाणवलं, तर पॅडचं लोखंड डिस्क खात आहे. त्या दिवशी डिस्कही वाचते का ते बघायचं. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात, तो डिस्कवरचा रातोरात चढलेला गंज. त्यासाठी सुट्टी टाकू नये.

ब्रेक न दाबताच येणारं, चाकाबरोबर फिरणारं बारीक, धातूचं खर्र खर्र आणखी वेगळं. डिस्कच्या मागं एक पातळ पत्र्याची ढाल असते. तिच्यात आणि डिस्कमध्ये फट अगदी थोडी. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून कच्च्या रस्त्यानं आलं की हरभऱ्याएवढा खडा तिथं जाऊन बसतो आणि आवाज असा काढतो की माणसाला नवी गाडी घ्यावी की काय वाटतं. थोडी रिव्हर्स घेतली तर कधीकधी आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटानं किंचित मागं ओढायचा. दहा मिनिटं. ब्रेकचा पाय हलकाच ठेवला की खुळखुळ थांबत असेल, तर पॅडच कॅलिपरमध्ये सैल खेळताहेत. त्यांना धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप मागच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी 'ही नसली तरी चालते' म्हणून कोपऱ्यात टाकलेली असते. मागच्या चाकांना ड्रम असेल तर रिकाम्या रस्त्यावर २०च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून एक-दोन दात ओढून बघावा. आवाज बदलला तर ड्रमच्या आत काहीतरी आहे.

कटकट ऐकायची तर मोकळं मैदान हवं. स्टिअरिंग शेवटपर्यंत कापायचं, पहिल्या गिअरमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देत गोल फिरायचं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. हा प्रयोग सात रस्त्याला करू नये, तिथं आधीच जो तो आपापला प्रयोग करत असतो. वळताना कट-कट-कट-कट असा, दाढेखाली कडक भाकरी मोडावी तसा आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनचा जोर वळत्या चाकाला पोचवणारा सांधा, त्यातला चाकाकडचा. मग चाकाच्या आतून डोकावायचं. त्या सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला असतो आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतात. इथला उन्हाळा रबराला सोडत नाही. बूट फाटला, ग्रीस उडालं, आत धूळ गेली. नंतर जॉइंट स्वतःला दळत बसतो. आवाज सुरू व्हायच्या आधी फाटलेला बूट सापडला तर नवा बूट, नवं ग्रीस आणि दोन क्लिपांत सुटका. म्हणून दर सर्व्हिसिंगला वाकून बघायचं ते बुटाकडे. पॉलिशकडे नव्हे.

आणि आता घूंऽऽ. चाळीस-पन्नासला सुरू होतो, सत्तरला गाडीत गप्पा मारता येत नाहीत. इथं बेअरिंगवाल्या मेव्हण्याला पहिल्यांदा काहीतरी आधार मिळतो. पण घाई नको, कारण विषम झिजलेला टायर हुबेहूब असाच गातो. डांबर, काँक्रीट, खडबडीत, गुळगुळीत अशा रस्त्यांवर सूर बदलत असेल तर संशय टायरवर. तळहात टायरच्या माथ्यावरून आधी एका बाजूनं आणि मग उलट फिरवावा. एकीकडून गुळगुळीत आणि उलटा फिरवला की करवतीसारखा लागला, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेली. पुढचे टायर मागं टाकून बघावेत. सूरही मागं गेला तर प्रकरण मिटलं. रस्ता कुठलाही असो, सूर तोच, तर बेअरिंग. मग हलक्या, लांब वळणावर ऐकायचं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा घूं वाढला तर बहुतेक वेळा दुखणं डावीकडे. डावीकडे वळताना वाढला तर उजवीकडे. मेव्हणा इथं हटकून उलटं सांगतो.

खात्री मात्र जॅकवरच. पुढचं चाक उचलायचं तर हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रल. मागचं उचलायचं तर पुढच्या चाकांना दगड, गिअर टाकलेला आणि हँडब्रेक सोडलेला. काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सारून ठेवायची. जॅक सरकला तर गाडी तिच्यावर बसेल, आपल्या पायावर नाही. मग घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून चाक ढकला-ओढा. खट् झालं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या जागीच खेळ असेल तर स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड. गंमत म्हणजे पुष्कळदा बेअरिंग गातं पण हलत नाही. तेव्हा एका हातानं शॉकअपची स्प्रिंग मुठीत धरायची आणि दुसऱ्या हातानं चाक जोरात फिरवायचं. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगला काही कळत नाही. खराब असेल तर तळहातात बारीक थरथर उतरते. जात्यात मालदांडी ज्वारीचा घास पडल्यावर खुंट्यावरच्या हाताला जे जाणवतं, अगदी तेच. ते एकदा हाताला कळलं की कुणाच्या मताची गरज लागत नाही.

आत झालेलं असतं एवढंच: दोन कड्या, मध्ये गोळ्यांच्या दोन रांगा, आणि गोळ्या ज्या वाटेवरून धावतात तिथं मोहरीच्या दाण्याएवढा खड्डा. एखादा मोठा दणका बसलेला असतो किंवा वॉशिंगच्या रॅम्पवर फवारा थेट हबवर धरल्यानं सीलमधून पाणी आत गेलेलं असतं. खड्डा एकदा पडला की मोठाच होत जातो. "ग्रीस मारून बघू की" याला अर्थ नाही. बंद बेअरिंगमध्ये ग्रीस मारायला वाट नसते. बैलगाडीच्या आखाला वंगण घालून भागायचं, ते दिवस आखाबरोबर गेले.

बदलताना काय बिघडतं ते सांगितलंच पाहिजे, कारण नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा गायला लागतं आणि खापर 'डुप्लिकेट माला'वर फुटतं. माल अस्सल असतो, हातोडी चुकलेली असते. बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे ते ज्या लोखंडी घरात बसतं त्यात, बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच पडला पाहिजे, आणि बेअरिंगमध्ये हब बसवताना आतल्या कडीला मागून आधार हवा. उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांतून जातो आणि त्या नव्याकोऱ्या वाटेवर पहिल्याच दिवशी खड्डे पाडतात. म्हणून दुकानात शिरताना 'किती होतील' याच्या आधी 'प्रेसवर बसवणार ना?' हे विचारावं. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाड्यांत बऱ्याचदा बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती सेन्सरकडे आली पाहिजे. उलटं बसलं तर आवाज जातो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मधला मोठा नट नवाच घ्यायचा, आणि तो मापात आवळल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकायचं नाही.

चाकाच्या नटांबद्दल गॅरेजमधल्या पोराशी माझं कायमचं भांडण आहे. छोट्या गाडीला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला ४० किलोचा भार दिला की तेवढे होतात. पोरगं ६० किलोचं, ते पान्यावर उभं राहतं आणि वर दोन उड्या मारतं. पुढं पंक्चर झालं की नट सुटत नाही, स्टड तुटतो. उलट, कधी चारातले दोन नट हातानंच लावलेले राहतात. मग हळू चालताना खट्-खट् आणि स्टिअरिंगला झोका. हा आवाज आला की 'कधी' वगैरे काही विचारू नये, जिथं असाल तिथं थांबावं. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. हैदराबाद रोडच्या ढाब्यांवर ट्रक थांबला की क्लीनर चहाआधी टॉमी घेऊन सगळ्या चाकांभोवती फिरतो, टायर ठोकतो, नट ठोकतो. घट्ट नट टण् वाजतो, सैल नट भद्द. त्या पोरानं शाळा कितवीपर्यंत केली कुणास ठाऊक, पण 'बेअरिंग गेलंय' असं तो न ठोकता म्हणत नाही.

चाक गरम झालंय का हेही बघण्यासारखं, पण मे महिन्यात चारही चाकं गरमच असतात. म्हणून एका चाकाची दुसऱ्याशी तुलना करायची. हात लावायचा नाही, रिमवर चार थेंब पाणी टाकायचं. तीन चाकांवर ओघळलं आणि चौथ्यावर चर्र झालं तर तिथला ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जळायला आलंय. चारच थेंब. नळाला रोज पाणी येत नाही, त्या गावात गाडीच्या निदानाला तांब्याभर पाणी कोण देणार?

एवढं सगळं होऊन डाव्या बाजूचं बेअरिंग खरोखरच निघतं, प्रेसवर बसतं, घूंऽऽ जातो. गाडीत इतकी शांतता होते की काचा वर करून ती ऐकत राहावीशी वाटते. आणि मग सिग्नलला उभं असताना, इंजिन नुसतं चालू असताना, खालून बारीक किण्-किण्-किण्. गाडी जागेवर उभी आहे, म्हणजे चाक नाही. सायलेन्सरवरचा तोच पत्रा, एक बोल्ट गंजून तुटलेला. आजवर घूंऽऽखाली दडून होता. पन्हाळीसारखा वाकवून एक मोठी जुबिली क्लिप (स्क्रूनं आवळायचा पत्र्याचा पट्टा) आवळली की काम झालं.

मागच्या सीटवर मेव्हणा कान टवकारतो. "आता उजव्या बाजूचं गेलंय बघा, दाजी."